डब्यात काय होतं

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी मला व्हिडिओ कॉलवर एक जुनी विनोदी मालिका दाखवलीत. तुमच्या आजोबांनी लिहिलेली, दिल्लीतल्या दोन शेजारणींची. कुणीतरी ती कुठून तरी मिळवून इंटरनेटवर टाकली आहे. त्यातल्या एका भागाच्या शेवटी एक शेजारीण दुसरीला स्टीलचा डबा परत देते. दुसरी झाकण उघडते, आत बोट घालते, बोट जिभेला लावते आणि काही न बोलता खाली बसते. तुम्ही चित्र तिथे थांबवलंत, मोठं करून पाहिलंत. डबा रिकामा. खाली लोकांचा वाद चाललेला. एक म्हणतो, बाई वेडी झाली असं दाखवायचं आहे. दुसरा म्हणतो, दिग्दर्शक डबा भरायला विसरला. धाकटीनं मला विचारलं, "आजी, डब्यात काय होतं?" मी सांगणार तेवढ्यात तुमची पोहायला जायची वेळ झाली आणि फोन बंद झाला.

एका शब्दात सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगणारही होते. पण तेव्हापासून मला चैन नाही. कपाटातून त्या भागाचं मूळ हस्तलिखित काढलं आहे, टॅबलेटवर तुम्ही पाठवलेला भाग लावला आहे, आणि पुन्हा पुन्हा एक ओळ वाचते, एक दृश्य पाहते. मध्येच उठून गॅसवर काही ठेवलं आहे का ते बघून येते. ठेवलेलं काही नसतं. हे काम मी पूर्वी एकदा केलं आहे, तेव्हाही अशीच उठत-बसत होते. म्हणून लिहूनच काढते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे माहीत आहे. सावकाश वाचा. शब्द अडला तर बाबाला विचारा, आणि त्यालाही अडला तर मला.

आधी माणसं सांगते. तुमचे आजोबा एका मंत्रालयात अधिकारी होते. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. तुमचा बाबा तेव्हा शाळेत जायचा. आणि चौथ्या तुमच्या आत्याआजी, म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहीण. त्यांचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून त्या आमच्याकडे राहायच्या आणि एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. आजोबा त्यांना ताई म्हणायचे, मी वन्सं म्हणायचे. करोल बागेतल्या भाड्याच्या खोल्या सोडून आम्ही यमुनेपलीकडे मयूर विहारला सोसायटीच्या फ्लॅटमध्ये नुकते आलो होतो. नातेवाईक विचारायचे, एवढ्या लांब कशाला गेलात, तिथे रिक्षासुद्धा येत नाही. खरंच येत नसे. गॅलरीतून भाजीचे मळे दिसायचे आणि दर उन्हाळ्यात त्यांतला एखादा कमी व्हायचा.

आजोबा गणेशोत्सवात मराठी मंडळासाठी एकांकिका लिहायचे आणि वन्सं त्यांत काम करायच्या. अशी एक एकांकिका पाहायला एक दिग्दर्शक आले होते, पंजाबी गृहस्थ. मराठी त्यांना फार कळत नव्हतं, पण ते शेवटपर्यंत बसले. त्यांना टीव्हीसाठी तेरा भागांची हिंदी मालिका करायची होती: दिल्लीतल्या एका जिन्यावर समोरासमोर राहणारी दोन घरं, एक पंजाबी, एक मराठी. लिहायला त्यांनी आजोबांना घेतलं आणि मराठी शेजारणीच्या कामाला वन्संना. पंजाबी शेजारीण झालेल्या बाई मात्र नाटकात मुरलेल्या होत्या. आजोबांनी ऑफिसची रीतसर परवानगी काढली. टीव्हीवर तेव्हा एकच वाहिनी होती आणि ती सगळं शहर बघायचं.

आजोबा बसून लिहीत नसत. गॅलरीत येरझारा घालत तोंडी सांगायचे, आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून उतरवून घ्यायचे, कारण माझं अक्षर बरं. मालिकेत मागून हसण्याचे आवाज घालायची पद्धत होती. ते कुठे घालायचे हेही आजोबाच सांगायचे. वाक्य संपलं की थांबायचे, बोट वर करायचे आणि म्हणायचे, "कंसात, हशा." मी लिहायचे: कंसात हशा. कधी कधी वाक्य सुचण्याआधीच बोट वर जायचं.

त्या भागाची गोष्ट साधी होती. मराठी घरानं जिन्याच्या मधल्या जागेत चपलांची मांडणी ठेवली, त्यावरून दोन्ही घरांत भांडण लागलं. भांडणाच्या आधी पंजाबी शेजारणीनं डबाभर राजमा पाठवलेला होता. आता मराठी शेजारीण तो डबा परत द्यायला येते. आजोबांनी सांगितलं, "डबा रिकामा आहे." माझं पेन थांबलं. मी विचारलं, रिकामा कसा? तर ते म्हणाले, अगं, विनोद आहे. मी पुढे लिहिलं. पंजाबी शेजारीण झाकण उघडते आणि म्हणते, "वाह बहनजी! डिब्बा लौटाया भी तो अपने दिल जैसा. इतना बड़ा, और बिल्कुल ख़ाली." कंसात हशा. आजोबांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी गॅलरीत एक जादा फेरी मारली. त्यानंतर दीड पान भांडण, आणि शेवटी मराठी नवरा शेजारधर्मावर एक मोठं भाषण करतो, मग सगळे गळ्यात पडतात. भाषण आजोबांनी दोन संध्याकाळी घासूनपुसून तयार केलं होतं.

तो भाग लागला त्या दिवशी आमच्या बैठकीच्या खोलीत मजल्यावरचे सगळे शेजारी जमले होते. आजोबा खोलीत नव्हते. स्वतःचा भाग त्यांना बघवत नसे. ते गॅलरीत उभे राहून ऐकायचे, दाराकडे पाठ करून. मी चहाचे कप आत-बाहेर करत होते, म्हणून मलाही सगळं तुकड्यातुकड्यांनीच दिसलं. डब्याच्या वेळी मी ट्रे घेऊन दारात आले तर खोली एकदम गप्प होती. टीव्हीही गप्प. समोरच्या बाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. आजोबांनी गॅलरीतून विचारलं, "आवाज गेला का?"

त्यानंतर काही महिने आजोबा दिल्लीत प्रसिद्ध होते. भाजीवाल्यापासून सहसचिवांपर्यंत लोक म्हणायचे, वो डिब्बेवाला सीन, क्या बात है. आजोबा लगेच हसून आपलं वाक्य म्हणून दाखवायचे, इतना बड़ा, और बिल्कुल ख़ाली. ऐकणारा मान हलवायचा, पण त्याचा चेहरा थोडा गोंधळलेला असायचा. मी शेजारी उभी असायचे. ते वाक्य मला टीव्हीवर ऐकल्याचं आठवत नव्हतं. पण मी चहा देत होते, म्हणून वाटायचं, माझंच निसटलं असेल. आमच्याकडे व्हीसीआर नव्हता. खालच्या मजल्यावरच्यांनी कॅसेटवर तो भाग उतरवून आम्हाला भेट दिला होता. ती कॅसेट टीव्हीवर, क्रोशाच्या रुमालाखाली पडून राहिली.

मग दोन-चार वर्षांत सगळं बदललं. गच्च्यांवर डिश अँटेनाच्या छत्र्या आल्या, केबलवाला गॅलऱ्यांमधून वायरी ओढून गेला, आणि एका वाहिनीच्या जागी बोटांवर मोजता येणार नाहीत इतक्या झाल्या. आजोबांचे दोन सहकारी नोकरी सोडून खाजगी कंपन्यांत गेले आणि मोटारीतून भेटायला आले. आजोबा त्यांना सोडायला खाली जायचे ते अर्ध्या तासानं वर यायचे. आल्यावर पेपर उघडायचे, पण पान उलटत नसत.

अशात एका नव्या वाहिनीच्या गुडगावच्या ऑफिसातून फोन आला. त्यांना रोज दाखवायची घरगुती मालिका हवी होती आणि लेखक पूर्ण वेळ हवा होता. आजोबांचा डिब्बेवाला भाग तिथल्या मुख्य माणसानं कॉलेजात असताना पाहिला होता. तो म्हणाला, त्या भागाची स्क्रिप्ट घेऊन या, नमुना म्हणून वर दाखवतो, बाकी माझ्यावर सोडा.

आजोबांनी त्याच आठवड्यात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाइप करून आणला. सही तेवढी राहिली होती. रोज सकाळी तो ब्रीफकेसमध्ये जायचा, रोज संध्याकाळी परत यायचा. फ्लॅटचे हप्ते चालू होते, बाबा बारावीत होता, आणि सरकारी नोकरी सोडली की दवाखान्यापासून सगळंच आपल्या अंगावर येणार होतं. मला भीती वाटत होती, हे सरळ सांगते. पण त्याहून जास्त भीती त्यांना मागे ओढायची वाटत होती. माणूस पन्नाशीला आला की एकदाच असा फोन येतो. मी विचारलं, तुमची खात्री आहे ना? ते म्हणाले, "तो भाग मी लिहिला की नाही?" मी म्हटलं, तुम्हीच लिहिलात.

स्क्रिप्टची स्वच्छ प्रत करायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. जुन्या कागदांवर चहाचे डाग होते आणि शूटिंगच्या वेळच्या कुणाच्या तरी खुणा. काही ठिकाणी काट मारलेली, काही ठिकाणी प्रश्नचिन्ह. मला अर्धवट काम जमत नाही. म्हटलं, प्रत्यक्षात काय दाखवलं ते एकदा पडताळून घ्यावं, म्हणजे शंका राहणार नाही. रविवारी दुपारी खालच्या मजल्यावरून व्हीसीआर मागून आणला. आजोबा सहकाऱ्याकडे गेले होते, बाबा क्लासला, वन्सं आत निजल्या होत्या. मी पेन्सिल घेऊन बसले.

पहिली काही पानं जवळजवळ तशीच होती. एखादा शब्द इकडचा तिकडे. मग मला एक गंमत दिसू लागली. जिथे जिथे मी "कंसात हशा" लिहिलं होतं, तिथे हशा होताच असं नव्हतं, आणि जिथे लिहिलं नव्हतं तिथे होता. वन्सं दाराची साखळी काढतात, पुन्हा लावतात, पुन्हा काढतात, यावर मोठा हशा. स्क्रिप्टमध्ये साखळीच नव्हती. चपला मोजताना त्या एका चपलेचा तुटलेला अंगठा पदरातल्या सेफ्टी पिनेनं जोडतात आणि ती चप्पल शेजारणीची आहे हे लक्षात आल्यावर पिन परत काढून घेतात. यावरही हशा. तेही स्क्रिप्टमध्ये नव्हतं. मी समासात खुणा करत गेले. पेन्सिल बोथट झाली, दुसरी घेतली.

डबा घेऊन वन्सं जिन्यात आल्या आणि वीज गेली.

कॅसेट मशीनमध्ये अडकली. पंखा थांबला, कूलर थांबला. मी आधी बसून राहिले. मग वाळत घातलेले कपडे काढून घड्या केल्या. मग त्या घड्या आवडल्या नाहीत म्हणून पुन्हा केल्या. गॅलरीत जाऊन खाली कुणी काही सांगतंय का पाहिलं. सगळ्या गॅलऱ्यांत बायका तशाच उभ्या होत्या. मला एकीकडे वाटत होतं की वीज येऊच नये, आजोबा आधी यावेत, मी जसं होतं तसं उतरवून त्यांच्या हातात द्यावं आणि मोकळं व्हावं. पण व्हीसीआरकडे पाठ करून उभं राहवतही नव्हतं.

वीज आली. तुम्ही पाहिलंत तेच मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. वन्सं डबा देतात, तोंड दुसरीकडे करून, आणि दार लावून घेतात. पंजाबी शेजारीण ओठ आवळून, वाक्य अगदी जिभेवर घेऊन झाकण उघडते. आणि थांबते. बोट घालते, चाखते. वन्संच्या बंद दाराकडे पाहते. पायरीवर बसते. मग उठते आणि जी मांडणी हलवा म्हणून इतका वेळ भांडत होती ती स्वतःच भिंतीला नीट सरकवून, चपला रांगेत लावते. संपलं. हशा नाही, वाक्य नाही, दीड पान भांडण नाही, भाषण नाही. नुसता जिना आणि चपला, आणि त्यावर कलाकारांची नावं.

मी ते चार वेळा मागे नेऊन पाहिलं. मग कोऱ्या तावांवर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलेलं, उजवीकडे दाखवलेलं. शेवटच्या पानावर डावी बाजू गच्च भरली होती आणि उजवीकडे चार ओळी.

आजोबा आले ते मजेत होते. चपला काढतानाच विचारलं, झाली का प्रत?

"कुठली करू?" मी विचारलं.

"कुठली म्हणजे? एकच आहे ना?"

मी म्हटलं, जरा बसा. ते बसले नाहीत. खोलीच्या दारात उभे राहिले, एक पाय बाहेर. मी कॅसेट लावली. तो भाग येऊन गेला त्याला इतकी वर्षं झाली होती, आणि ते तो पहिल्यांदा बघत होते. साखळीला हसले. पिनेला हसले, म्हणाले, हे छान आहे, हे मी लिहिलं होतं का? शेवट आला. ते पुढे आले आणि टीव्हीसमोर वाकले, तुम्ही वाकलात तसेच. टीव्हीवर डबा रिकामाच दिसत होता.

"माझं वाक्य कुठे आहे? आणि ही बोटानं चाखतेय काय?"

एव्हाना वन्सं उठून स्वयंपाकघरात आल्या होत्या. तिथून म्हणाल्या, "साखर."

आजोबा वळले. "कसली साखर?"

"चहाच्या टेबलावर होती ती. चमचाभर घातली डब्यात."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? रिकामा डबा परत देतात का कुणी?"

"अगं ताई, भांडण होतं त्यांचं."

"म्हणून तर चमचाभर. एरवी वाटीभर घातली असती."

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. वन्संनी मग सगळं सांगितलं. त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखं काही नव्हतंच. रिहर्सलला त्यांनी रिकामा डबा दिला होता, पण कॅमेरा चालू व्हायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात काही उचलेना. शॉट लागण्याआधी त्यांनी साखर घातली, कुणाला न सांगता. पंजाबी बाईंनी झाकण उघडलं आणि त्यांना वाक्यच आठवेना. शॉट संपल्यावर त्या वन्संच्या गळ्यात पडून म्हणाल्या होत्या, मेरी माँ भी कभी बर्तन ख़ाली नहीं लौटाती थी. दिग्दर्शकांनी पुढचं भांडण आणि भाषण दोन्ही चित्रित केलं, पण नंतर वापरलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?" आजोबांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

"मला वाटलं, तू बघितलंस. आणि तुला कळलंच असेल. लहानपणी घरातले सगळे डबे तूच तर पोचवायचास. शेजारी, मावशीकडे, वैद्यांकडे." मग त्या म्हणाल्या, "झाकण उघडून कधी बघितलं नाहीस?"

आजोबा गॅलरीत गेले आणि येरझारा सुरू झाल्या. त्या संध्याकाळी बोट एकदाही वर गेलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते मला सरळ रेषेत आठवत नाही. ते जेवायला बसायचे आणि आमटीच्या वाटीकडे बघत राहायचे. एकदा ओट्यापाशी येऊन वन्संच्या मागे उभे राहिले. वन्सं म्हणाल्या, "काय हवंय रे? भूक लागली का?" ते म्हणाले, काही नाही, बघतोय. वन्संना हे इतकं विचित्र वाटलं की त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. अर्ज अजून ब्रीफकेसमध्ये होता. मला वाटत होतं, आता ते जाणार नाहीत. आणि असं वाटल्याबरोबर माझंच मला बरं वाटेना.

पण ते जाणार होते. आदल्या दिवशी त्यांनी टेबलाशी बसून स्वतःच्या हातानं प्रत केली, येरझारा न घालता. मी वाचली. उजवी बाजू होती, दाखवलेली. साखळी होती, पिन होती, साखर होती. कंसात हशा कुठेच नव्हता. भाषण नव्हतं. पूर्ण भाग जेमतेम निम्म्या पानांत बसला होता. त्यांनी विचारलं, "कसं वाटतं?" मी म्हटलं, हे चांगलं आहे. खरंच चांगलं होतं. ते म्हणाले, "आता मला येईल असं वाटतं." ते वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मी पुन्हा विचारलं नाही.

मला सुट्टी होती. ते म्हणाले, तूही चल. दोन बस बदलून, तिसऱ्या बसमध्ये उभ्यानं आम्ही गुडगावला पोचलो. आज तुम्ही विमानतळावर उतरताना जे मनोरे बघता ते तेव्हा नव्हते. रस्ता मध्येच संपायचा आणि धुळीत पुन्हा सुरू व्हायचा. एका मोकळ्या माळावर काचेची एकच इमारत उभी होती आणि तिच्या सावलीत म्हशी बसल्या होत्या. आत इतका गारठा की मी पदर खांद्यावर घेतला. मी दोन्ही प्रती आणल्या होत्या, त्यांची नवी त्यांच्या हातात आणि मूळ माझ्या पर्समध्ये. मला सगळं बरोबर ठेवायची सवय आहे, एवढंच त्याचं कारण.

मुख्य माणूस तिशीच्या आतला होता, नम्र, हसरा. आजोबांना सर म्हणाला, मला मॅम. कॉफी आली. त्यानं प्रत वाचायला घेतली आणि पानं भराभर उलटली, मग पुन्हा पहिल्यापासून उलटली. म्हणाला, सर, यात डायलॉग कुठे आहेत? आजोबांनी डब्याचा प्रसंग समजावून सांगितला. तो म्हणाला, तो प्रसंग मला आठवतोय, जबरदस्त होता, पण तो आठवड्यातून एकदा लागायचा आणि सगळे बसून बघायचे. आता बाई पोळ्या लाटताना मालिका लावणार. तिची नजर तव्यावर असणार, कान इकडे. जे बोललं जात नाही ते तिला कळणार कसं? डब्यात साखर आहे हे तिला दिसणारच नाही. त्यापेक्षा डबा रिकामा असू द्या, ती काहीतरी झणझणीत बोलू द्या, मग भांडण आठवडाभर चालेल.

मी आजोबांकडे पाहिलं. गॅलरीत पाठ करून उभे राहून ऐकणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला. त्यांच्याही आला असावा, कारण त्यांचे कान लाल झाले होते.

तो माणूस पुढे वाकला. "सर, आपके पास ओरिजिनल होगी ना? शूटिंग से पहलेवाली? उसमें तो डायलॉग होंगे."

आजोबांनी माझ्या पर्सकडे पाहिलं. मी मांडीवर ती दोन्ही हातांनी धरली होती. त्या पर्समध्ये ते वाक्य होतं, दीड पान भांडण होतं, दोन संध्याकाळी घासलेलं भाषण होतं. त्याला जे हवं होतं ते सगळं. मी पर्सची कडी अंगठ्यानं दाबून धरली. उघडायची तर एका क्षणाचं काम होतं, आणि उघडावी की नाही हे मला अजिबात कळत नव्हतं. एवढं कळत होतं की ती मी आपणहून उघडायची नाही.

"नहीं," आजोबा म्हणाले. "वो मेरे पास नहीं है."

परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. मी वाट बघत होते की ते पर्सबद्दल काही म्हणतील. ते म्हणाले, "त्या मुलाचं चुकलं नाही. त्याला जे हवंय ते मीच लिहीत होतो." थोड्या वेळानं म्हणाले, "पोराला बारावीनंतर काय करायचंय, विचारलंस का?" दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या बसनं ऑफिसला गेले. अर्जाचं पुढे काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत नोकरीतच राहिले. हप्ते फिटले, बाबा शिकला, तुमच्या देशात गेला, तुम्ही झालात. सगळं रांगेत लागलं. गणेशोत्सवाच्या एकांकिका मात्र वेगळ्या झाल्या. ते लिहिताना बसायचे आणि मधूनच वन्संना विचारायचे, ताई, इथे तू काय करशील? वन्सं म्हणायच्या, मी कशाला काही करू, तू लिही की. त्या एकांकिका लांबीनं कमी होत गेल्या. मंडळाचे लोक तक्रार करायचे की पडदा लवकर पडतो.

मी पुष्कळदा विचार केला आहे. त्यांनी पर्सकडे पाहिलं तेव्हा मी ती उघडावी असं त्यांना वाटलं असेल का? मी कॅसेट लावली नसती, डावी बाजू जशीच्या तशी उतरवून दिली असती, तर ते गुडगावच्या त्या गार खोलीत पोचले असते आणि रोज रिकामे डबे लिहिले असते. कदाचित खूश राहिले असते. मला निवृत्तिवेतन हवं होतं आणि मला ते मिळालं. म्हणून मला या प्रश्नाचं उत्तर द्यायचा हक्क आहे की नाही, हेही मला ठरवता येत नाही.

तर डब्यात चमचाभर साखर होती. स्टीलच्या डब्यात पांढरी साखर कॅमेऱ्याला तेव्हाही दिसली नव्हती. वाद घालणाऱ्या लोकांना हवं तर सांगा.

थोरल्यानं मेसेज केला आहे की मूळ स्क्रिप्टचे फोटो पाठव, आम्ही तिथे टाकू, लोकांना तुलना करता येईल. ती या क्षणी माझ्यासमोर आहे. कागद पिवळे पडले आहेत पण अक्षर स्वच्छ आहे, माझंच आहे. मी दोनदा फोन वर धरला आणि दोनदा खाली ठेवला. आजोबा त्या दिवशी म्हणाले होते, ती माझ्याकडे नाही. खोटं बोलले नव्हते ते. ती माझ्याकडे होती, अजून आहे, आणि त्यांनी ती पुन्हा कधी मागितली नाही.